न लिहिलेली चिमणी

मार्च उजाडला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चिऊताईची आठवण निघते. २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस. नाशिकच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने तो २०१० पासून पाळला जातो. त्या दिवशी ‘एक घास चिऊचा’ फिरतं, कुणीतरी मोबाइलच्या टॉवरला शिव्या घालतं आणि कुणीतरी हळहळतं, ‘आता चिमण्या राहिल्यात कुठे?’ गेल्या वर्षी हे लिहिणाऱ्या काकांच्याच पार्किंगमध्ये विजेच्या मीटरच्या पेटीमागे चिमणीने दोनदा पिल्लं काढली होती. काका रोज तिथूनच स्कूटर काढतात.

‘चिमण्या नाहीत’ आणि ‘मला चिमण्या दिसल्या नाहीत’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं विधान करायचं तर आधी मोजायला लागतं, आणि चिमणी मोजणं वाटतं तितकं सोपं नाही.

मुंबईतल्या खेतवाडीत १९०६-०७ च्या सुमारास घडलेला एक किस्सा पक्षीनिरीक्षकांमध्ये अजून सांगितला जातो. घराच्या तबेल्याच्या भिंतीत एका भोकात चिमणीने घरटं केलं होतं. मादी आत अंड्यांवर, नर बाहेर घोड्याचा साज अडकवायच्या खुंटीवर राखणीला. घरातल्या दहा-एक वर्षांच्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने तो नर टिपला. थोड्याच वेळात त्याच खुंटीवर दुसरा नर येऊन बसला. मुलाने तोही पाडला, तर तिसरा हजर! सात दिवसांत त्याने आठ नर मारले आणि हे सगळं वहीत टिपून ठेवलं. पुढे नामवंत पक्षीशास्त्रज्ञ झालेल्या त्या मुलाचं नाव सालिम अली. आज असा प्रयोग कुणी करणार नाही, करूही नये. पण त्यातून कळलं ते मोलाचं आहे. रोज जाता-येता त्या भिंतीकडे बघणाऱ्याने आठवडाभर ‘चिमण्यांची एक जोडी’ एवढीच नोंद केली असती. आसपास जागेची वाट बघत थांबलेले बिनघराचे नर त्याच्या हिशोबात आलेच नसते.

म्हणून मोजण्याआधी ठरवावं लागतं, की नेमकं मोजायचं काय. युरोपात चिमण्यांवर काम करणाऱ्यांनी एक साधा मार्ग काढला: विणीच्या काळात भल्या सकाळी चिवचिवणारे नर मोजायचे. घरट्याच्या जागेवर हक्क सांगणारा नर एका ठिकाणी बसून एकसुरी ‘चिव... चिव... चिव’ लावून धरतो. गळ्याखालच्या काळ्या डागामुळे तो ओळखूही येतो. असा एक नर म्हणजे ढोबळमानाने एक घरटं. थवा मोजायला जाल तर फसाल.

मी किती फसतो ते सांगतो. पुण्याच्या पेठेतल्या एका गल्लीत मी काही रविवारी सकाळी पंधरा मिनिटं उभा राहतो. एका बाजूला कौलारू वाडा, समोर किराणा दुकान, दुकानाशेजारी पत्र्यावर पसरलेली बोगनवेल. सात वाजता त्या वेलीत असा काही कलकलाट असतो, की चाळीस तरी चिमण्या असाव्यात असं वाटतं. दुर्बिणीतून दिसतात सहा. पानं हलतात, पण हलवणारं कोण ते कळत नाही. एका रविवारी घराघरांवरून शिक्रा हा शिकारी पक्षी सरकन गेला आणि क्षणात सगळी वेल गप्प झाली. मग ‘फुर्र’ होऊन जो थवा उडाला, तो मी घाईघाईने पाच-पाचच्या गठ्ठ्यांनी मोजला: बावीस. म्हणजे कान सांगत होते चाळीस, डोळे सांगत होते सहा आणि दोघेही चुकीचे. कौलांच्या फटींशी बसून चिवचिवणारे नर मात्र त्या दिवशीही चार आणि पुढच्या रविवारीही चारच. पुढच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून बघायचा तर हा चारचा आकडा जास्त भरवशाचा.

एका गल्लीचं हे ठीक आहे. सबंध देशाचं काय? २०१२ मध्ये ‘सिटिझन स्पॅरो’ या उपक्रमाने लोकांनाच विचारलं: तुमच्याकडे चिमण्या आत्ता दिसतात का, पूर्वी दिसायच्या का? साडेपाच हजारांहून जास्त लोकांनी उत्तरं पाठवली. पूर्वीपेक्षा चिमण्या कमी दिसतात आणि घरटी त्याहून कमी, असा त्यांचा सूर निघाला. यात अडचण एकच, ‘पूर्वी’ ही गोष्ट आठवणीतली आहे. लहानपणी दुपारभर अंगणात बसायला वेळ होता, तेव्हा चिमण्या जास्त दिसणारच.

आठवणीवरचं हे अवलंबित्व टाळण्यासाठी पक्ष्यांच्या नोंदी गोळा करणाऱ्या ‘ई-बर्ड’सारख्या ऑनलाइन मंचावर वेगळी युक्ती वापरतात: संपूर्ण यादी. पंधरा मिनिटं किंवा त्याहून अधिक वेळ एका ठिकाणी थांबायचं किंवा फिरायचं आणि ओळखू आलेला प्रत्येक पक्षी लिहायचा. फक्त आवडलेला नव्हे, प्रत्येक. कावळाही आणि पारवाही. असं केलं, की जो पक्षी यादीत नाही तो ‘दिसला नाही’ असं खात्रीने म्हणता येतं आणि ही गैरहजेरीसुद्धा माहिती ठरते. समजा, एखाद्या भागातल्या शंभर संपूर्ण याद्यांपैकी चाळीस याद्यांत चिमणी आहे आणि दहा वर्षांनी शंभरांपैकी पंचवीस याद्यांतच सापडते. मग एकूण चिमण्या किती हे माहीत नसूनही उतार लागलाय एवढं कळतं. पक्षी बघणाऱ्यांची संख्या दहापट झाली तरी या हिशोबाचं फारसं बिघडत नाही, कारण आपण बेरीज नाही, प्रमाण बघतोय. आमच्यातल्या हौशी लोकांचा मात्र इथे घोळ होतो. स्वर्गीय नर्तकासारखा देखणा पक्षी दिसला की पाच फोटो, आणि ‘कावळा काय लिहायचा?’ म्हणून कावळा गाळायचा. अशी यादी या कामाला निकामी.

अशा एक कोटीहून अधिक नोंदींवर बेतलेला ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल २०२० मध्ये आला आणि चिमणीच्या बाबतीत त्याने अनेकांना चकित केलं. देशभराचा विचार केला तर त्याआधीच्या पंचवीसेक वर्षांत चिमणी बऱ्यापैकी स्थिर राहिली. घट दिसली ती मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू आणि हैदराबाद या सहा महानगरांमध्ये. चिमणी भारतातून निघून चाललेली नाही, ती मोठ्या शहरांतून मागे सरकते आहे. बातम्या लिहिणारे आणि वाचणारे बहुतेक याच शहरांत राहतात, म्हणून आपल्याला ती जगातूनच गेल्यासारखी वाटते. मोबाइलच्या टॉवरमुळे चिमण्या गेल्या या सिद्धान्ताला ठोस पुरावा मिळालेला नाही, आणि टॉवर तर आता गावोगावी आहेत, जिथे चिमण्या सुखाने नांदतात.

घट खरी असते तेव्हा ती किती भयंकर असू शकते, हे लंडनने पाहिलं. १९२५ च्या नोव्हेंबरमध्ये मॅक्स निकोल्सन या २१ वर्षांच्या तरुणाने केन्सिंग्टन गार्डन्स या बागेतल्या चिमण्या मोजल्या. भरल्या २,६०३. तीच बाग पुन्हा मोजली गेली: १९७५ मध्ये ५४४, १९९५ मध्ये ४६, २००० मध्ये ८. निकोल्सन २००३ पर्यंत जगले, म्हणजे तो आठचा आकडाही त्यांच्या हयातीतलाच. १९२५ मध्ये एका पोराने बागेतल्या चिमण्या मोजत बसणं लोकांना वेडेपणाच वाटलं असेल. चिमण्या काय, असतातच! पण तो पहिला आकडा नसता, तर पुढच्या तीन आकड्यांना काही अर्थच उरला नसता.

कारण काय, याचं लंडनमध्येही एकच एक उत्तर मिळालेलं नाही. शहरातल्या काही वस्त्यांत हिवतापाच्या जातीच्या परजीवींचं प्रमाण चिमण्यांमध्ये फार मोठं आढळलं. इंग्लंडमधल्याच लेस्टर शहरातल्या अभ्यासात अंडी फुटून बाहेर आलेली पिल्लं घरट्यातच उपाशी मरताना दिसली. इथे आपली एक समजूत दुरुस्त करायला हवी. चिमणी दाणे खाते हे खरं, पण पहिले काही दिवस पिल्लांना लागतात मऊ किडे, अळ्या, मावा, कोळी. गच्चीवर तांदळाच्या कण्या टाकून मोठ्या चिमण्यांचं पोट भरतं, पिल्लांचं नाही. कुंपणाची मेंदी उपटून तिथे पेव्हर ब्लॉक बसवले की पिल्लांचा खाऊ गेला आणि रात्री बसायची जागाही गेली. शिवाय चिमणी फार लांब जात नाही. तिचं सगळं आयुष्य बहुधा एखाद-दोन किलोमीटरच्या आत संपतं, त्यामुळे एका गल्लीतली वसाहत संपली की ती भरून यायला वर्षं लागतात. काचेच्या आणि गुळगुळीत काँक्रीटच्या इमारतींत फटी नसतात, हे तर उघडच आहे.

पारव्याला मात्र याच इमारती कड्यांसारख्या वाटतात. एसीचं यंत्र, त्यामागची कोपऱ्यातली जागा, खाली धान्य टाकणारी धर्मशील माणसं. आणखी काय हवं? ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’च्या २०२३ च्या अहवालात भरभराट झालेल्या पक्ष्यांमध्ये पारवा आहे, कोकीळ आहे, मोर आहे, राखी वटवट्याही आहे. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये मुंबईत केवढा वाद पेटला! त्यात दोन्ही बाजूंनी घसे कोरडे झाले, पण वॉर्डावॉर्डात पारवे किती आणि वाढताहेत किती, या प्रश्नावर फारसं कुणी बोललं नाही.

पेठेतली गल्ली आटोपून मी मागच्या महिन्यात शहराबाहेरच्या एका नव्या वसाहतीत भावाकडे गेलो. बावीस मजली इमारती, मधे हिरवळ, कारंजं. सवयीने सकाळी पंधरा मिनिटं बाल्कनीत उभा राहिलो. पारवे ६१, घारी २, कावळे ५, साळुंक्या ४, एक बुलबुल, आणि लांबून कुठूनतरी तांबटाचं ‘टुक टुक’. वहिनीने चहा आणून दिला आणि विचारलं, “काय भावजी, काही विशेष दिसलं का?” मी नाही म्हटलं. फोनवर यादी पूर्ण केली. शेवटी अ‍ॅप नेहमीचा प्रश्न विचारतं: ओळखू आलेले सगळे पक्षी तुम्ही लिहिलेत का? मी यादी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचली, आणखी दोन मिनिटं कान देऊन थांबलो, आणि ‘हो’वर बोट ठेवलं.