गुन्हेगारी विचारपद्धतीत बदल

गुन्हा करण्याआधी माणूस मनातल्या मनात स्वतःला परवानगी देतो. ती परवानगी ओळखून मोडायला शिकवणारी, कैद्यांच्या गटात चालणारी ही सुधारपद्धत आहे. शिक्षेने कृत्य थांबते, पण परवानगी देण्याची सवय सुटत नाही.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ साइक्स आणि मात्झा यांनी १९५७ मध्ये अशा सबबींचे पाच प्रकार मांडले. कोल्हापुरी बोलीत ते असे: ‘माझा इलाजच नव्हता’, ‘त्याचं काय एवढं नुकसान झालं?’, ‘त्याला तसंच पाहिजे होतं’, ‘पकडणारे तरी कुठं धुतल्या तांदळासारखे हायेत?’ आणि ‘दोस्तासाठी केलं’. मानसशास्त्रज्ञ ग्लेन वॉल्टर्स यांनी पुढे आठ विचारशैली सांगितल्या. त्यांत आपण सापडणारच नाही हा फाजील विश्वास आणि परिणामांचा विचार करण्याचा आळस, याही शैली येतात.

हे दोष व्यक्तीच्या सवयीचे असतात, जातीचे किंवा जमातीचे नव्हेत. १८७१ च्या कायद्याने जमातीच गुन्हेगार ठरवल्या होत्या. कोल्हापूर संस्थानात मात्र राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये अशा जमातींची सक्तीची हजेरी बंद केली. या विषयात काम करणाऱ्याने हा इतिहास आधी वाचावा.

या पद्धतीचे मुख्य साधन म्हणजे चार भागांत लिहायचा विचार-अहवाल. समजा, रंकाळ्यावर कुणीतरी खुन्नस दिली आणि मारामारी झाली. पहिल्या भागात फक्त प्रसंग, दोन-तीन ओळींत, कुणालाही दोष न देता. दुसऱ्यात त्या क्षणी डोक्यात आलेली वाक्ये, जशीच्या तशी: ‘आज गप्प बसलो तर गल्लीत किंमत राहणार नाही.’ तिसऱ्यात भावना. ‘राग’ एवढेच लिहून भागत नाही, त्याखाली बहुधा अपमान किंवा भीती असते. चौथ्यात त्या वाक्यांमागची जुनी समजूत. मग गट मिळून संकटाकडे नेणारे वाक्य शोधतो, आणि त्याच्या जागी कोणते वाक्य ठेवले असते ते लिहिणारा स्वतः ठरवतो. ते वाक्य त्याला पटणारे हवे. ‘मी शांत राहीन’ हे कुणालाच पटत नाही. ‘भिडलो तर तारखा मला, वकिलाची फी आईला’ हे पटते.

अमेरिकेतील एका प्रचलित अभ्यासक्रमात २५ पाठ आहेत. गट आठ ते बारा जणांचा, बैठक एक ते दोन तासांची, आठवड्यातून निदान दोनदा. लिहिता न येणाऱ्याचा अहवाल तोंडी घ्यावा.

पद्धत अनेकदा प्रवचनामुळे फसते. मार्गदर्शक वाद घालू लागला की बंदी (कैदी) ‘चूक झाली साहेब’ म्हणून सुटका करून घेतो. काही जण पारिभाषिक शब्द पाठ करतात, वागणे तेच राहते. म्हणून प्रत्येक अहवालात गेल्या आठवड्यातला ताजा प्रसंग मागावा. पुन्हा गुन्हा करण्याची जोखीम कमी असलेल्या तरुणांना सराईतांसोबत बसवले तर तोटाच होतो, कारण ते त्यांच्याकडूनच शिकतात.

कोल्हापूरच्या कळंब्यासारख्या मध्यवर्ती कारागृहात न्यायाधीन, म्हणजे खटला अजून चालू असलेले, बंदीही असतात. त्यांच्याकडून खटल्यातल्या प्रसंगाचा अहवाल घेऊ नये, तो त्यांच्याविरुद्ध जाऊ शकतो. बराकीतले भांडण पुरेसे आहे.

शिक्षाधीन बंद्याची खरी परीक्षा संचित रजेवर, म्हणजे शिक्षेदरम्यान घरी जायला मिळणाऱ्या सुट्टीत, होते. निघण्यापूर्वी त्याने कोणता चौक, कोणता मित्र आणि कोणती वेळ टाळायची हे नावानिशी लिहावे. परतल्यावर पहिल्याच बैठकीत तो कागद पुन्हा उघडावा.