ऑडिओबुक आणि श्रुतिका: विज्ञानकथा ऐकताना कळायला हवा असा फरक

तुरीत रानडुकरं शिरू नयेत म्हणून जागलीला जाणाऱ्याच्या खिशात आता मोबाइल असतो. डोळे शेताकडे, हात रिकामे, रात्र मोठी. गोष्ट ऐकायला अशी दुसरी वेळ नाही. पण जे ऐकतो त्याला आपण सरसकट ‘ऑडिओ स्टोरी’ म्हणून मोकळे होतो, आणि तिथेच घोटाळा होतो. एखादी चांगली विज्ञान-श्रुतिका, म्हणजे संवाद आणि आवाजांतूनच उभं राहणारं नाटक, कोणी अर्ध्यातच सोडून देतो, कारण काय, तर ‘काय चाललंय ते सांगतच नाहीत.’ सांगणं हे श्रुतिकेचं कामच नाही. ते ऑडिओबुकाचं, म्हणजे वाचून दाखवलेल्या पुस्तकाचं, काम.

एक प्रसंग घेऊ. लोणारचं विवर, अंतराळातून आलेल्या दगडाने काळ्या बेसाल्टात पाडलेलं, जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंद. काठावर शेळ्या चारणाऱ्या मुलीला तिथे एक विचित्र दगड सापडतो.

ऑडिओबुकात वाचून दाखवणारा म्हणेल: ‘ती पाण्यापाशी आली. दगड हिरवट चमकत होता. तिला भीती वाटली, पण तिने हात मागे घेतला नाही.’ एकच आवाज. मुलगीही तोच, दगडाचं वर्णनही तोच, भीतीही तोच सांगतो. वाचन चांगलं असेल तर आपण त्याच्यावर विसंबून निवांत ऐकतो.

श्रुतिकेत शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत असतात. त्या एकदम थांबतात. मुलगी फोनवर बोलतेय: ‘आबा... हा गोटा गरम लागून राह्यला.’ मग श्वास. मग पुन्हा, जरा हळू, ‘आबा?’ रंग नाही, आकार नाही. ‘तिला भीती वाटली’ हे वाक्य कुठेच नाही. ते सगळं त्या दुसऱ्या ‘आबा’त आलं पाहिजे, आणि ते आणणं नटीच्या हातात.

कच्ची श्रुतिका इथेच उघडी पडते. तिच्यातली मुलगी म्हणेल, ‘अरे बापरे, माझ्यासमोर हा हिरवा, चमकणारा, तीन फूट उंच दगड थरथरतो आहे!’ घाबरलेलं माणूस असं बोलत नसतं. हे ऑडिओबुकातलं वाक्य पात्राच्या तोंडी कोंबलेलं आहे.

कौटुंबिक श्रुतिकेत हे एक वेळ खपून जातं. कपबशी, दाराची कडी, कुकरची शिट्टी, सगळे आवाज ऐकणाऱ्याच्या ओळखीचे. विज्ञानकथेत ती सोय नाही. यानाचं दार उघडल्याचा आवाज कोणीच ऐकलेला नाही, तो ‘सूंऽऽ’ कशाचाही असू शकतो. मुख्य नट त्याच्याकडे ज्या स्वरात वळतो, त्यावरून आपण ठरवतो की हे दार आहे, शस्त्र आहे की एखादा प्राणी. म्हणून साहसाची विज्ञान-श्रुतिका मुख्य भूमिकेवर तरते किंवा बुडते, असं माझं ठाम मत आहे. ध्वनियोजना कितीही महागडी असली तरी नटाचा त्या जगावर विश्वास नसेल, तर आपलाही बसत नाही.

याचं मला सर्वात पटणारं उदाहरण ब्रिटनमधलं. पॉल मॅकगॅन या नटाने ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथेच्या टीव्ही मालिकेतली मुख्य भूमिका 1996 साली एका टीव्हीपटात केली. त्यातून पुढे मालिका काही उभी राहिली नाही. 2001 पासून बिग फिनिश या कंपनीच्या श्रुतिकांमधून तो तीच भूमिका आवाजाने करू लागला, आणि पडद्यावर जेमतेम दीड तास दिसलेलं ते पात्र लोकांनी कानांनी वर्षानुवर्षं जगवलं.

हा अभिनय आपल्याकडच्या रंगमंचापेक्षा फार निराळा. दिवाळीनंतर गावोगावी शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, भरतात आणि वडसा, गडचिरोली, चंद्रपूरकडे, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, तिथली नाटकं रात्र रात्र रंगतात. उघड्या मैदानातल्या शेवटच्या माणसापर्यंत भाव पोचवायचा म्हणून तिथला नट आवाज भरदार लावतो, आणि ते बरोबरच आहे. मायक्रोफोन मात्र ओठांपासून वीतभर अंतरावर असतो. गिळलेला आवंढाही त्यात ऐकू येतो. तिथे मैदानाचा आवाज लावला की साहसाचा नुसता आरडाओरडा होतो.

श्रुतिका आणि ऑडिओबुक हे दोन्ही प्रकार एकाच कार्यक्रमात नांदल्याचंही उदाहरण आहे. 30 ऑक्टोबर 1938 ला अमेरिकेत ऑर्सन वेल्सने एच. जी. वेल्सच्या मंगळवासीयांच्या कादंबरीवर केलेला रेडिओप्रयोग. पूर्वार्धात बातम्या, घटनास्थळावरचा वार्ताहर, त्याचं वाक्य मध्येच तुटतं आणि मग शांतता. ही शुद्ध श्रुतिका. उत्तरार्धात ऑर्सन वेल्स स्वतः प्राध्यापक पीअरसन हे पात्र होऊन, जे घडलं ते बराच वेळ एकटा सांगत राहतो, म्हणजे जवळपास ऑडिओबुकच. गाजला तो पूर्वार्ध.

मग कोणती कधी ऐकावी? फवारणी करताना, कापूस वेचताना, ट्रॅक्टरच्या घरघरीत ऑडिओबुक बरं. दोन वाक्यं सुटली तरी तिसरं वाक्य तुम्हाला सावरून घेतं. श्रुतिकेत सुटलेला एक श्वासही महागात पडतो, तिच्यासाठी रात्रीचं ओलित किंवा जागलच हवी.

जागलीवर एक अडचण मात्र येते. डुकरांची चाहूल लागावी म्हणून आपण एकच इअरफोन लावतो. श्रुतिकेतले आवाज बरेचदा डाव्या-उजव्या बाजूंत वाटलेले असतात, त्यामुळे दुसऱ्या बाजूचं पात्र पुसट होतं किंवा गायबच होतं, आणि आपण दोष देतो लेखकाला. फोनच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’त जाऊन ‘मोनो ऑडिओ’ चालू करा. दोन्ही बाजूंचं सगळं एका कानात येतं. पावलं कुठून आली ते कळणार नाही, पण संवाद एकही सुटणार नाही.