अतिनवतारे आणि विश्वप्रसरणाचे मापन

दूरच्या दीर्घिकांमधील तारकास्फोटांच्या, म्हणजे अतिनवताऱ्यांच्या, तेजावरून त्यांचे अंतर काढायचे आणि त्या अंतरांवरून विश्वाच्या प्रसरणाचा इतिहास उलगडायचा, अशी ही खगोलशास्त्रीय पद्धत आहे. प्रसरणाला वेग देणाऱ्या, अजून न उलगडलेल्या कृष्ण ऊर्जेचा पहिला सबळ पुरावा 1998 मध्ये याच पद्धतीने मिळाला.

या कामी ‘टाइप वन-ए’ अतिनवतारे वापरतात. कार्बन-ऑक्सिजनचा श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गाभा, जोडीदार ताऱ्याकडून वस्तुमान ओढून घेतो किंवा दुसऱ्या श्वेत बटूत मिसळतो, आणि भडकलेली अणुप्रक्रिया सबंध तारा उधळून टाकते. पहिल्या मार्गात श्वेत बटूला पेलवणारे कमाल वस्तुमान, म्हणजे सूर्याच्या सुमारे 1.4 पट ही चंद्रशेखर मर्यादा, निर्णायक ठरते. कोणता मार्ग किती वेळा घडतो, यावर अजून एकमत नाही. डोळ्यांना दिसणारा झगमगाट मात्र स्फोटात तयार झालेल्या किरणोत्सारी निकेल-56 चा. सुमारे 6 दिवसांच्या अर्धायुष्याने त्याचे कोबाल्ट होते आणि 77 दिवसांच्या अर्धायुष्याने कोबाल्टचे लोह. त्यामुळे तेज अडीच-तीन आठवड्यांत कळसाला पोहोचते आणि मग ओसरू लागते.

साताऱ्यातून रात्री यवतेश्वर घाटाकडे पाहिले, तर मिणमिणता दिवा लांबच्या ट्रकचा की जवळच्या दुचाकीचा, हे नुसत्या उजेडावरून सांगता येत नाही. मूळ दिव्याची प्रखरता ठाऊक हवी. अतिनवताऱ्यांचीही हीच अडचण होती, कारण सगळे स्फोट सारखे तेजस्वी नसतात. 1993 मध्ये मार्क फिलिप्स यांनी दाखवून दिले की अधिक तेजस्वी स्फोट सावकाश मंदावतो. कळसानंतरच्या 15 दिवसांत तेज किती उतरले हे मोजले, रंगावरून वाटेतल्या धुळीचा हिशेब केला, की मूळ तेज बऱ्याच अचूकपणे ठरते. साऱ्या पद्धतीचा प्राण या दुरुस्तीत आहे. ताम्रसृतीवरून, म्हणजे प्रकाश तांबड्या रंगाकडे किती सरकला यावरून, प्रकाश निघाल्यापासून विश्व किती पटींनी पसरले हे कळते; अंतराशी तिचा मेळ घातला की प्रसरणाचा वेग केव्हा किती होता ते निघते.

गुरुत्वाकर्षणामुळे प्रसरण मंदावत असणार, अशी सर्वांची अटकळ होती. सॉल पर्लमटर यांचा गट आणि ब्रायन श्मिट व ॲडम रीस यांचा गट या दोघांनाही उलटेच आढळले: दूरचे स्फोट अपेक्षेहून फिके, म्हणजे साधारण 10 ते 15 टक्के अधिक दूर होते. प्रसरण वेग घेत होते. तिघांना 2011 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर यांनी मात्र वेगळे स्पष्टीकरण मांडले. दीर्घिकांच्या मधल्या अवकाशातील धातूंचे सूक्ष्म तंतू प्रकाश शोषत असतील, तर कृष्ण ऊर्जेवाचूनही स्फोट फिके दिसतील. हा आक्षेप मोलाचा होता, कारण त्याला निरीक्षणाने उत्तर देणे भाग होते. पुढे हबल दुर्बिणीला सापडलेले आणखी दूरचे स्फोट साध्या धुळीच्या अंदाजापेक्षा उजळ निघाले. पार्श्वप्रारण (विश्वाच्या आरंभकाळापासून सर्वत्र भरून राहिलेले प्रारण) आणि दीर्घिकांची मांडणी यांच्या स्वतंत्र मापनांनीही कृष्ण ऊर्जेला दुजोरा दिला. आज विश्वाच्या एकूण ऊर्जेत तिचा वाटा सुमारे 68 ते 70 टक्के मानतात.

‘टाइप वन-ए’ जातीचा एक स्फोट ऑगस्ट 2011 मध्ये एम 101 या दीर्घिकेत, सुमारे 2.1 कोटी प्रकाशवर्षांवर, घडल्याच्या काही तासांतच सापडला. सप्तर्षींतील वसिष्ठ आणि मरीची यांच्याशी ही दीर्घिका त्रिकोण करते. साताऱ्याहून ती उत्तर क्षितिजावर जास्तीत जास्त 53 अंश चढते. मे महिन्यात रात्री दहा-अकराच्या सुमारास. सप्टेंबरात तो अतिनवतारा दहाव्या प्रतीपर्यंत (प्रत हे तेजाचे माप; आकडा लहान तितके तेज अधिक) उजळला, लहान दुर्बिणीतून दिसण्याजोगा. पण कास पठारावर ते दिवस धुक्याचे आणि पावसाचे. याच दीर्घिकेत मे 2023 मध्ये, मोकळ्या आकाशाच्या हंगामात, आणखी एक स्फोट दिसला. तो प्रचंड ताऱ्याचा गाभा कोसळून झालेला, म्हणजे या मोजमापाच्या जातीचा नव्हता.

जवळच्या अतिनवताऱ्यांवरून प्रसरणाचा आजचा वेग दर 32.6 लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला सुमारे 73 किलोमीटर येतो. पार्श्वप्रारणावरून तो 67 च्या आसपास निघतो. ही तफावत मिटलेली नाही. ‘डार्क एनर्जी सर्व्हे’ने 2024 मध्ये सुमारे 1,500 स्फोटांचा अभ्यास जाहीर केला. कृष्ण ऊर्जा स्थिर नसून काळाबरोबर बदलत असावी, असे संकेत त्यात आणि नंतरच्या दीर्घिका-सर्वेक्षणात दिसतात. ठाम निष्कर्षाइतका पुरावा अद्याप जमलेला नाही.