टेक्सासमधील न्यायाधीशांच्या निवडणुका

अमेरिकेतील टेक्सास राज्यात बहुतेक न्यायाधीश मतदार निवडून देतात, आणि तेही पक्षाच्या नावावर. मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावाशेजारी तो रिपब्लिकन की डेमोक्रॅट, हे छापलेले असते. न्यायाधीश नेमले जातात अशीच सवय असलेल्या भारतीय वाचकाला हे चमत्कारिक वाटेल. टेक्सासात मात्र १८७६ च्या राज्यघटनेपासून ही रीत पक्की आहे. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळात गव्हर्नरच्या हाती एकवटलेल्या सत्तेचा तिथल्या लोकांना वीट आला होता, म्हणून नव्या घटनेने पुष्कळशी पदे थेट मतदारांकडे सोपवली.

राज्याला सर्वोच्च न्यायालये दोन आहेत. दिवाणी प्रकरणे टेक्सास सुप्रीम कोर्टाकडे जातात. फौजदारी, त्यात मृत्युदंडाचीही, कोर्ट ऑफ क्रिमिनल अपील्सकडे. दोन्हीकडे नऊ-नऊ न्यायाधीश, मुदत सहा वर्षे. दर दोन वर्षांनी त्यांतल्या काही जागांसाठी सर्व २५४ काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांत) मतदान होते.

१९९४ नंतर २०२४ पर्यंत एकाही डेमोक्रॅटिक उमेदवाराने राज्यव्यापी निवडणूक जिंकलेली नाही. त्यामुळे खरी लढत नोव्हेंबरमध्ये होतच नाही. ती मार्चमध्ये, रिपब्लिकन पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात होते. प्रायमरीला मतदार कमी येतात आणि जे येतात ते पक्षाचे कट्टर समर्थक असतात. २०२१ च्या डिसेंबरमध्ये फौजदारी न्यायालयाने ८ विरुद्ध १ असा निकाल दिला, की निवडणूक गुन्ह्यांचे खटले ॲटर्नी जनरलला, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याला, स्वतःहून चालवता येणार नाहीत. ॲटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांनी या न्यायाधीशांविरुद्ध मोहीम उघडली. २०२४ च्या मार्चमध्ये शॅरन केलर, बार्बरा हर्वी आणि मिशेल स्लॉटर या तिघीही स्वपक्षाच्याच प्रायमरीत हरल्या. केलर २००१ पासून त्या न्यायालयाच्या प्रमुख होत्या. एका निकालापायी न्यायाधीशाचे पद जाऊ शकते, या गोष्टीचे सावट पुढच्या प्रत्येक निकालावर पडते, आणि या पद्धतीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे.

दुसरा आक्षेप जुना आहे: मतदाराला उमेदवार माहीतच नसतो. १९७६ साली राज्यावर डेमोक्रॅटिक पक्षाचा पगडा होता, म्हणजे तेव्हाही निकाल प्रायमरीतच लागत असे. सुप्रीम कोर्टाच्या जागेसाठी चार्ल्स बॅरो हे अपील न्यायालयातले अनुभवी न्यायाधीश उभे होते. त्यांना हरवले डॉन यारब्रो नावाच्या एका फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या वकिलाने. राल्फ यारबरो हे माजी सिनेटर आणि गव्हर्नरपदासाठी अनेकदा लढलेले डॉन यारबरो ही दोन्ही नावे घराघरांत पोचलेली होती. मतपत्रिकेवर तसेच आडनाव दिसले आणि हजारो शिक्के त्यावर पडले. काही महिन्यांतच फौजदारी आरोपांमुळे आणि पदच्युतीच्या भीतीने १९७७ साली यारब्रोने राजीनामा दिला. रिकाम्या जागेवर नेमणूक झाली ती बॅरो यांचीच.

पैशाचा प्रश्न १९८० च्या दशकात चव्हाट्यावर आला. पेन्झॉइल विरुद्ध टेक्साको या दोन तेल कंपन्यांच्या खटल्यात ह्यूस्टनच्या ज्यूरीने १९८५ मध्ये दहा अब्ज डॉलरहून मोठी भरपाई दिली. वकीलच न्यायाधीशांच्या प्रचाराला देणग्या देतात, हे त्या निमित्ताने देशभर गाजले. १९९५ च्या कायद्याने देणग्यांना मर्यादा आली. राज्यव्यापी पदासाठी एका व्यक्तीला ५,००० डॉलरपर्यंतच देता येतात. पण वकिलाने आपला खटला ऐकणाऱ्याला देणगी देणे आजही कायदेशीर आहे.

मोठ्या शहरांत मतपत्रिका लांबलचक असते. ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत मतदाराला एकामागून एक डझनावारी न्यायालयांची नावे उलटावी लागतात. पूर्वी एकाच खुणेत सबंध पक्षाला मत देता येई आणि त्या लाटेत २०१८ साली तिथले रिपब्लिकन न्यायाधीश सरसकट पडले, त्यांत चांगले काम केलेलेही होते. २०२० पासून ती सोय बंद झाली.

टॉम फिलिप्स आणि वॉलेस जेफर्सन हे सुप्रीम कोर्टाचे दोन्ही माजी मुख्य न्यायाधीश रिपब्लिकन असूनही पक्षीय निवडणूक बंद करा, असे सांगत राहिले. विधिमंडळाने ते मानले नाही. मुदतीच्या मध्येच जागा रिकामी झाली तर मात्र गव्हर्नर नेमणूक करतो. सध्याचे मुख्य न्यायाधीश जिमी ब्लॅकलॉक याच वाटेने न्यायालयात आले: आधी गव्हर्नर ग्रेग ॲबट यांचे कायदा सल्लागार, २०१८ मध्ये नियुक्त न्यायाधीश, आणि नेथन हेक्ट निवृत्त झाल्यावर २०२५ च्या जानेवारीत मुख्य न्यायाधीश. अशा नियुक्त न्यायाधीशालाही पद टिकवायचे तर पुढच्या निवडणुकीत पक्षाचे नाव लावून मतदारांपुढे उभे राहावे लागते.