कीर्तनात माणूस कोसळला, तर थांबायचं कुणी? एका न सुटलेल्या प्रश्नाची पार्श्वभूमी

सप्त्याच्या मांडवात, आरतीच्या गर्दीत किंवा दर्शनबारीत एखादा माणूस अचानक खाली पडला, की पहिल्या मिनिटात जे घडतं ते गावोगाव जवळपास सारखंच असतं. शेजारचे चार जण त्याला हातापायांना धरून उचलतात आणि मांडवाबाहेर पाराकडे नेतात. कुणी तोंडाला पाणी लावतो, कुणी कांदा फोडून नाकाशी धरतो, फिट आली असं वाटलं तर चप्पल हुंगवतात. पुढे भजन चालूच असतं, कारण मागे काय झालं ते पुढच्या रांगेला कळलेलंच नसतं. या धावपळीत माणूस श्वास घेतोय का, एवढं पाहायचं मात्र राहून जातं. ही सवय आली कुठून आणि ती मोडायला काय आड येतं, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

यात्रा आणि आरोग्य यांचा आपल्याकडचा लिखित इतिहास हा साथींचा इतिहास आहे. १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत कॉलरा पसरण्याचं मोठं खापर हिंदुस्थानातल्या यात्रांवर फुटलं. पुढच्याच वर्षी हरिद्वारच्या कुंभानंतर कॉलरा उत्तरेत पसरला आणि त्या मताला बळ आलं. १८९२ मध्ये हरिद्वारची यात्रा सरकारने सरळ उधळून लावली. १८९७ च्या साथरोग कायद्यानंतर यात्रा रोखण्याचा अधिकारच सरकारच्या हाती आला. पंढरपूरच्या आषाढी-कार्तिकीकडेही सरकार त्याच नजरेने पाहत होतं: पाणी, संडास, तपासणी, यात्राकर. २०२० मध्ये पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, तेव्हा हाच १८९७ चा कायदा पुन्हा पुढे आला होता.

साथीच्या जोडीला दुसरा विषय गर्दीचा. २७ ऑगस्ट २००३ ला नाशिकच्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवच्या यात्रेत मृतांचा आकडा तीनशेच्या घरात पोचला. त्यानंतर चौकशी झाली, पायऱ्या-रस्ते-दुकानं यांची फेरमांडणी झाली आणि २०१४ मध्ये देशपातळीवर गर्दीच्या व्यवस्थापनाची मार्गदर्शिका निघाली. हे सगळं गरजेचंच होतं. पण या दोन्ही धाग्यांत मोजला गेला तो समुदाय. हजारो माणसांत बसलेल्या आणि एकट्यानेच कोसळलेल्या माणसाची नोंद कुठल्याच अहवालात होत नाही. एकादशीचा कडक उपास धरून, मधुमेहाची गोळी मात्र घेऊन रांगेत उभी राहिलेली बाई, किंवा रात्री अकराला काल्याच्या आदल्या दिवशीचं कीर्तन ऐकताना छातीत कळ आलेले आजोबा यांच्यासाठी व्यवस्था लावावी, हा विचार फार अलीकडचा आहे.

याला एक साधं कारण आहे. शेजारी बसलेल्या माणसाला करता येण्यासारखं पूर्वी काही नव्हतंच. बंद पडलेलं हृदय छाती न उघडता, बाहेरूनच दाबून चालवता येतं हे १९६० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालं. त्यात तोंडाने श्वास देण्याची पद्धत मिळवून आजचा सीपीआर तयार झाला. पुढे अनोळखी माणसासाठी नुसती छाती दाबली तरी चालेल, असं सांगितलं जाऊ लागलं आणि 'तोंडाला तोंड' या संकोचाचा प्रश्न उरला नाही. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मध्ये न थांबता. शिकायला तासभर पुरतो.

महाराष्ट्रात खरा बदल २०१४ पासूनचा. त्या वर्षी १०८ ची सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. २०१७ मध्ये मुंबईत बाइक अ‍ॅम्ब्युलन्स आल्या आणि गर्दीत चारचाकी शिरत नाही, या अडचणीला पहिल्यांदा उत्तर मिळालं. पालखी मार्गावर वैद्यकीय पथकं आधीपासून असायचीच, पण २०२३ पासून त्यांचं प्रमाण पार बदललं. मुक्कामाला आणि वाटेवर ठिकठिकाणी दवाखाने, पंढरपुरात मोठी शिबिरं, तात्पुरते अतिदक्षता कक्ष. तपासून घेणाऱ्यांची संख्या लाखोंत जाते. बहुतेकांची तक्रार पायाचे फोड, गोळे, जुलाब, ताप हीच असते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये खारघरच्या उघड्या मैदानावर पुरस्काराच्या कार्यक्रमाला जमलेल्या श्रीसदस्यांपैकी, म्हणजे धर्माधिकारींच्या अनुयायांपैकी, डझनाहून अधिक जण उष्माघाताने गेले. उन्हातल्या मेळाव्यांची धास्ती तेव्हापासून आयोजकांनाही वाटू लागली.

एवढं झालं तरी मुख्य हिशेब जुळत नाही. हृदय बंद पडलं की चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. छाती दाबली नाही, विजेचा झटका मिळाला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. खेड्यातल्या सप्त्याला रुग्णवाहिका चार मिनिटांत येणं अवघडच. आली तरी मांडवाच्या तोंडाशी मोटारसायकली लावलेल्या असतात. म्हणजे पहिली दहा मिनिटं मांडवात बसलेल्या मंडळींचीच, आणि ती मंडळी त्या वेळी भजनात असतात. मग प्रश्न उरतो तो हाच, की भजन थांबवायचं का?

या एका निर्णयावर जेवढं दुमत आहे तेवढं बाकी कशावरच नाही. हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र घ्यायला कुणी नाही म्हणत नाही, देणगीदारही मिळतात. थांबवण्याचा विषय निघाला की मात्र सूर बदलतो.

न थांबवण्याच्या बाजूने तीन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली भीतीची. माईकवरून काही सांगितलं की लोक उठतात, बघायला धावतात, बायका-मुलं तुडवली जातात. मांढरदेवनंतर ही भीती कुणाला खोटी म्हणता येणार नाही. दुसरी श्रद्धेची. नामात खंड पडू नये. अखंड हरिनाम सप्ताह या नावातच 'अखंड' आहे. तिसरी फारशी उघड बोलली जात नाही, पण सगळ्यांत खोल तीच आहे: पंढरीच्या वाटेवर, टाळ वाजत असताना मरण येणं हे भाग्याचं. २०२१ मध्ये उत्तर महाराष्ट्रात एक कीर्तनकार कीर्तन चालू असतानाच कोसळले आणि गेले. तो व्हिडिओ घरोघरी पोचला. त्यावर सर्वांत जास्त ऐकू आलेलं वाक्य हेच होतं, की असं मरण मागूनही मिळत नाही.

ज्याने आयुष्यभर वारी केली त्याच्या घरच्यांना या वाक्याचा आधार वाटतो आणि तो त्यांच्याकडून काढून घ्यायचं काही कारण नाही. पण ते वाक्य माणूस गेल्यानंतरचं आहे. जमिनीवर पडलेला माणूस त्या क्षणी गेलेला नसतो. त्याचं तोंड उघडंमिटं होतं, घशातून घरघर येते, आणि बघणाऱ्याला वाटतं श्वास चालू आहे. तो श्वास नव्हे. हृदय थांबल्यानंतर काही मिनिटं अशी आचके दिल्यासारखी हालचाल होत राहते. या मिनिटांत छातीवर हात पडला तर माणूस परत येऊ शकतो. भाग्याची भाषा या मिनिटांत करणं मला पटत नाही.

इतर धर्मांनी हा प्रश्न कसा हाताळला, त्यात एक गंमतीचं साम्य दिसतं. इ. स. ६४४ मध्ये मदिनेत पहाटेच्या नमाजात दुसऱ्या खलिफांवर खंजिराचे वार झाले. त्यांनी मागच्या एका सहकाऱ्याचा हात धरून त्याला पुढे केलं आणि त्या सहकाऱ्याने नमाज थोडक्यात पूर्ण केली. त्यावरून इमामाने आपल्या जागी दुसरा उभा करण्याचा नियम फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रात, पक्का झाला. कुणाचा जीव धोक्यात असेल तर नमाज मोडायलाच हवी, असंही तिथे सांगितलं आहे. मिस्सा म्हणजे कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना; १५७० च्या रोमन मिस्साग्रंथात तर यावर स्वतंत्र कलम होतं. धर्मगुरू अर्पणाच्या शब्दांआधी बेशुद्ध पडला किंवा वारला तर मिस्सा तिथेच सोडायची, त्यानंतर पडला तर दुसऱ्या धर्मगुरूने ती पुरी करायची. वसई आणि गोव्याच्या चर्चमध्येही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत हाच ग्रंथ वेदीवर असे. मिस्सेच्या या कलमात काळजी आहे ती विधी चालवणाऱ्याची. बाकावर बसलेला भाविक कोसळला तर काय, ते त्यात आलेलंच नाही.

वारकरी परंपरेत लिखित कलम नाही, पण त्याहून उपयोगी चीज आहे, आणि तिच्याकडे या वादात कुणी बोट दाखवत नाही याचं आश्चर्य वाटतं. माउलींच्या पालखी सोहळ्याची शिस्त एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बसवली गेली. मुक्कामी पोचल्यावर समाजआरतीसाठी पालखी मधे ठेवतात आणि दिंड्या भोवती गोल उभ्या राहतात. हजारो टाळ एकदम वाजत असतात, शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही. चोपदार हातातला दंड उंच करून 'होऽऽ' अशी आरोळी देतो आणि एका क्षणात सगळं गप्प होतं. इतकं गप्प, की लांबच्या पालातलं मूल रडलेलं ऐकू येतं. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. बाकी शांततेत तेवढाच एक टाळ खणखणत राहतो. चोपदार त्या दिंडीकडे जातो, गाऱ्हाणं ऐकून घेतो, त्याचं निराकरण होतं, हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात आणि मगच आरती होते.

म्हणजे अडचणीत सापडलेल्या एका दिंडीसाठी लाखोंचा समाज आरतीआधी थांबतो, आणि ही रीत जवळपास दोनशे वर्षांची आहे. हरवलेल्या लोट्यासाठी आरती खोळंबत असेल, तर खाली पडलेल्या माणसासाठी कीर्तन थांबवणं परंपरेविरुद्ध आहे असं कुणी कोणत्या तोंडाने म्हणावं? घबराटीच्या भीतीलाही उत्तर इथेच आहे. चोपदाराच्या आरोळीने कुणी पळत नाही, कारण आरोळी म्हणजे जागेवर थांबायचं हे ज्याला त्याला ठाऊक असतं. सप्त्याच्या मांडवात ते कुणाला सांगितलेलं नसतं, म्हणून तिथे धावाधाव होते. पहिल्याच दिवशी ग्रंथपूजनानंतर दोन मिनिटं काढून सांगता येतं: कुणी पडलं तर बुवा हात वर करतील, सगळ्यांनी बसून राहायचं, मधली वाट मोकळी करायची, अमुक तिघे पुढे जातील.

नामाच्या खंडाचं उत्तर वीणेत आहे. सप्त्यात वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. पहाऱ्यावर उभा असलेला थकला की दुसऱ्याच्या गळ्यात ती जाते, रात्री तीनलासुद्धा. वीणेकरी स्वतःच कोसळला तर शेजारचा आधी वीणा घेतो, बाकीचे त्याला सावरतात. तेव्हा नाम अखंड ठेवायला एक वीणेकरी पुरे आहे. थांबायचं आहे ते लाऊडस्पीकरने, पखवाजाने आणि पन्नास टाळांनी. १०८ वर बोलणाऱ्याला पलीकडचं ऐकू यायला हवं आणि छाती दाबणाऱ्याला मोजता यायला हवं.

मंदिराच्या आत हाच प्रसंग आला की एक वेगळीच अडचण येते. देवळात मृत्यू झाला तर दर्शन बंद ठेवून शुद्धी करावी लागते, ही रूढी बहुतेक ठिकाणी आहे. उंबऱ्याआत कुणी कोसळलं की त्याला आधी बाहेर काढण्याची घाई होते, त्यामागे हे एक कारण नक्कीच आहे. कुणी ते दुष्टपणाने करत नाही. पण त्यात दोन-तीन मिनिटं जातात. शुद्धी नंतर कितीही वेळ करता येते. पडला तिथेच, कठीण फरशीवर, छाती दाबायला सुरुवात करणं हे वैद्यकीयदृष्ट्या सर्वांत बरं. ज्या मोठ्या देवस्थानांत दर्शनबारी तासन्‌तास चालते, पंढरपुरात तर आषाढीला ती पत्राशेड ओलांडून गोपाळपूरच्या दिशेला जाते, तिथे बारीच्या लोखंडी कठड्यांमधून बाजूला निघता येतं का, हाही प्रश्न याच घाईतला आहे.

हात लावायला लोक कचरतात त्याचं आणखी एक कारण पोलिसांचा ससेमिरा. त्याबद्दल गोंधळ बराच आहे. मदत करणाऱ्याला त्रास नको हा नियम २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने लागू झाला आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीत कलम १३४ अ म्हणून आला. पण तो रस्त्यावरच्या अपघातांपुरता आहे. मांडवात कोसळलेल्या माणसाला तो थेट लागू होत नाही. तिथे कामी येतं जुन्या दंडसंहितेचं ९२ वं आणि आता भारतीय न्याय संहितेचं ३० वं कलम: संमती देण्याच्या अवस्थेत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेली कृती गुन्हा ठरत नाही. छाती दाबताना बरगडी मोडली तरी घाबरायचं कारण नाही, हे स्वयंसेवकांच्या बैठकीत कुणीतरी वाचूनच दाखवायला हवं.

आळंदीत कीर्तन शिकवणाऱ्या संस्थेला १९१७ पासूनची परंपरा आहे आणि चार वर्षांच्या अभ्यासक्रमातून बाहेर पडलेली मुलं महाराष्ट्रभर कीर्तनं करतात. व्यासपीठावर उभा असलेला माणूस अख्खा मांडव पाहू शकतो. मागच्या कोपऱ्यात कुणी कलंडलं तर सर्वांत आधी त्यालाच दिसतं, आणि माईकही त्याच्याच समोर असतो. चौथ्या वर्षाच्या मुलांना एक दिवस छाती दाबायला आणि एक वाक्य माईकवर शांतपणे बोलायला शिकवलं, तर येत्या हंगामापासूनच फरक पडेल.