महाकाय वानर आणि डायनोसॉर यांची झुंज : शिल्पसंच मागवणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या कार्यशाळेत फायबरच्या प्रतिकृती तयार होतात. शाळा, उद्याने, कृषी पर्यटन केंद्रे आणि गणेशोत्सव मंडळे यांच्याकडून महाकाय वानर आणि डायनोसॉर समोरासमोर उभे असलेल्या जोडीला सतत मागणी असते आणि मागणी नोंदवताना बहुतेक ग्राहक एकच प्रश्न विचारतात : यांची खरोखर झुंज झाली असती, तर जिंकले कोण असते? प्रश्न पोरकट वाटला तरी शिल्पाची उंची, प्राण्यांची ठेवण आणि शेजारच्या फलकावरील मजकूर या तिन्ही गोष्टी त्याच्या उत्तरावर अवलंबून असतात. म्हणून ते उत्तर येथे कारणांसह लिहून दिले आहे.

थोडक्यात सांगायचे, तर दोन्ही प्राणी आपापल्या खऱ्या आकारात समोर आले, तर टिरॅनोसॉरस रेक्स हा मांसाहारी डायनोसॉर जिंकेल आणि त्याला झुंज म्हणावे इतका वेळही लागणार नाही. पडद्यावर दिसणारे इमारतीएवढे वानर घेतले, तर ते झुंजीपूर्वीच स्वतःच्या वजनाखाली कोसळेल. मात्र 'डायनोसॉर' या शब्दाने आपण कोणता प्राणी घेतो, यावर निकाल उलटूही शकतो.

वानर कोणते?

ज्ञात असलेल्या सर्वांत मोठ्या वानराचे नाव जायगँटोपिथेकस ब्लॅकी. १९३५ साली राल्फ फॉन कोएनिग्सवाल्ड या शास्त्रज्ञाला हाँगकाँगमधील एका चिनी औषधांच्या दुकानात 'ड्रॅगनचे दात' म्हणून विकली जाणारी एक प्रचंड दाढ आढळली आणि तिच्यावरून या प्राण्याचे नामकरण झाले. त्यानंतर दक्षिण चीनमधील, विशेषतः ग्वांग्शी प्रांतातील गुहांतून त्याचे चार खालचे जबडे आणि सुमारे दोन हजार दात मिळाले आहेत. त्यांखेरीज हात, पाय, कवटी किंवा बरगड्या यांचे एकही हाड हाती आलेले नाही. उंची सुमारे ३ मीटर आणि वजन २०० ते ३०० किलो हे अंदाज जबड्याच्या आणि दातांच्या मापावरून बांधलेले आहेत. याचाच अर्थ असा की, आमच्या शिल्पातील वानराचा गळ्याखालचा भाग ओरँगउटान आणि गोरिला यांच्या ठेवणीवरून घडवलेला असतो, आणि तसे आम्ही फलकावर नोंदवतो.

रंगाबाबत ग्राहकांचा आग्रह बहुधा काळ्याचा असतो. २०१९ साली सुमारे १९ लाख वर्षे जुन्या दाढेतील प्रथिनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि हा प्राणी ओरँगउटानचा दूरचा नातेवाईक असल्याचे त्यातून स्पष्ट झाले. म्हणून आम्ही तांबूस तपकिरी रंग सुचवतो, मात्र काळा रंग हवाच असेल तर तोही देतो. शेपटीची मागणी मात्र आम्ही नम्रपणे नाकारतो. आपल्याकडे वानर म्हटले की लांब शेपटीचे काळतोंडे माकड डोळ्यांसमोर येते. परंतु गोरिला, ओरँगउटान आणि जायगँटोपिथेकस ज्या गटात मोडतात, त्या गटातील कोणत्याही प्राण्याला शेपूट नसते.

झुंजीच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, हा प्राणी लढवय्या असल्याची कोणतीही खूण त्याच्या अवशेषांत नाही. जाड कवचाच्या रुंद दाढा फळे आणि चिवट वनस्पती चघळण्यासाठी होत्या. २,९५,००० ते २,१५,००० वर्षांपूर्वीच्या काळात, जंगल विरळ होऊन आवडीचे खाद्य कमी झाल्यावर तो नामशेष झाला, तर त्याच्या शेजारी राहणाऱ्या ओरँगउटानने आहार बदलून तग धरला. आजचा गोरिलाही प्रतिस्पर्ध्याशी भिडण्यापूर्वी छाती बडवून आपला आकार जाहीर करतो आणि बहुतेक प्रसंगी प्रकरण तेथेच मिटते. टिरॅनोसॉरसला या भाषेचा अर्थ कळण्याचे काही कारण नव्हते.

डायनोसॉर कोणता?

बहुतेकांच्या मनातील डायनोसॉर म्हणजे टिरॅनोसॉरस रेक्स. बार्नम ब्राउन यांना १९०२ साली अमेरिकेतील मोंटाना येथे त्याचे अवशेष मिळाले आणि १९०५ साली हेन्री फेअरफील्ड ऑस्बर्न यांनी त्याचे नामकरण केले. शिकागोच्या फील्ड संग्रहालयात असलेला, 'स्यू' या नावाने ओळखला जाणारा सांगाडा सुमारे १२.३ मीटर लांब आहे. कॅनडातील 'स्कॉटी' या सांगाड्यावरून त्या प्राण्याचे जिवंतपणीचे वजन ८,८०० किलोंहून अधिक काढले गेले. म्हणजे एका टिरॅनोसॉरसच्या वजनात तीस जायगँटोपिथेकस सहज बसतील.

हा फरक आकड्यांत वाचून जाणवत नाही, तो मातीत दिसतो. खऱ्या प्रमाणातील जोडीचा लहान नमुना आम्ही आधी शाडूत घडवून दाखवतो, तेव्हा अनेक ग्राहकांचा चेहरा उतरतो. टिरॅनोसॉरसची कंबरच जमिनीपासून सुमारे ४ मीटर उंच असते आणि ताठ उभ्या राहिलेल्या वानराचे डोके तिच्याही खाली राहते. समोरासमोरची टक्कर म्हणून मागवलेल्या संचात प्रत्यक्षात एक शिकारी आणि त्याचे भक्ष्य दिसू लागतात.

येथे ठेवणीचा मुद्दा येतो आणि तो आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शेपूट जमिनीला टेकवून कांगारूसारखा ताठ उभा राहिलेला डायनोसॉर अजूनही पुष्कळ उद्यानांत दिसतो. न्यू यॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीमध्ये १९१५ साली उभारलेला सांगाडाही तसाच होता आणि १९९० च्या दशकात तो उतरवून नव्या पद्धतीने, पाठ आडवी व शेपूट हवेत अशा रीतीने मांडण्यात आला. डोके आणि धड पुढे, जड शेपूट मागे आणि कंबर मधोमध, असा तो तराजू होता. ताठ उभ्या डायनोसॉरची छाती व पोट वानरासमोर उघडे पडते आणि त्याला कवेत घेण्यास जागा मिळते. आडव्या ठेवणीत वानरापर्यंत सर्वांत आधी पोहोचते ते तोंड. धड त्या तोंडाच्या मागे दूर राहते. चुकीच्या ठेवणीमुळे झुंज बरोबरीची वाटते. ठेवण सुधारली की निकाल आपोआप दिसतो. म्हणून शेपूट टेकवलेला टिरॅनोसॉरस आम्ही, ग्राहकाची कितीही इच्छा असली तरी, तयार करीत नाही.

आता त्या तोंडाविषयी. मागच्या एका दातावर पडणारे चाव्याचे बल ३५,००० ते ५७,००० न्यूटन असावे, असे २०१२ सालच्या संगणकीय अभ्यासात निघाले. म्हणजे कमीत कमी साडेतीन हजार किलोंचा भार. मुळासकट ३० सेंटिमीटरपर्यंत लांब असलेले जाड दात मांसासोबत हाडही फोडत. कॅनडातील सस्कॅचवान येथे मिळालेल्या आणि याच प्राण्याच्या मानल्या जाणाऱ्या अश्मीभूत विष्ठेत हाडांचा चुरा सापडला आहे. १९३३ सालच्या एका गाजलेल्या अमेरिकी चित्रपटात वानर डायनोसॉरचे दोन्ही जबडे धरून फाडते आणि तीच मुद्रा शिल्पात मिळावी, अशी मागणी आजही येते. परंतु ते घडण्यासाठी अडीचशे किलोंच्या प्राण्याला त्या जबड्याच्या बलाहून अधिक जोर हातांनी लावावा लागेल. वानरांच्या अफाट ताकदीच्या कथाही थोड्या जपूनच घ्याव्यात. २०१७ सालच्या एका अभ्यासानुसार चिंपँझीचा स्नायू त्याच आकाराच्या मानवी स्नायूच्या सुमारे १.३५ पट सामर्थ्य देतो. दहापट असल्याचे जे सांगितले जाते, त्याला आधार नाही.

वानराची एकच बाजू वरचढ आहे, ती म्हणजे हात. टिरॅनोसॉरसचे हात जेमतेम मीटरभर, तर वानर दगड किंवा फांदी उचलून फेकू शकते. शिवाय टिरॅनोसॉरस वेगाने धावू शकत नव्हता, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. त्यामुळे दाट झाडीत वानर निसटू शकेल. निसटणे हा विजय मानायचा असेल, तर तेवढा वानराच्या खात्यावर जमा करण्यास आमची हरकत नाही.

पन्नास फुटी वानर का उभे राहत नाही?

यावर ग्राहक म्हणतात की, मग वानरच मोठे करा. शिल्पात ते करता येते. जिवंत प्राण्यात का करता येत नाही, हे आमच्या कामातूनच समजावता येईल. दोन फुटी भरीव नमुन्याला जितकी माती लागते, तिच्या आठपट माती चार फुटी नमुन्याला लागते, कारण उंचीबरोबर रुंदी आणि जाडीही दुप्पट होते. पायाच्या छेदाचे क्षेत्रफळ मात्र चारपटच वाढते. म्हणजे आठपट वजन चारपट पायांवर येते. गॅलिलिओने १६३८ साली हाडांच्या संदर्भात हाच नियम मांडला होता. ३ मीटरचे, २५० किलोंचे वानर पाचपट करून १५ मीटर केले, तर वजन १२५ पट म्हणजे सुमारे ३१ टन होते, पायांच्या हाडांचा छेद केवळ २५ पट वाढतो आणि हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पाचपट भार येतो. असे वानर पहिली उडी मारतानाच पाय मोडून बसेल.

याहून जड प्राणी पृथ्वीवर होऊन गेले, हे खरे आहे. परंतु लांब मानेच्या त्या शाकाहारी डायनोसॉरांना चार खांबांसारखे सरळ पाय होते आणि त्यांच्या मणक्यांत हवेच्या पोकळ्या होत्या. गुडघ्यात वाकलेल्या दोन पायांवर हा भार पेलता येत नाही.

आमचे वीस फुटी वानर मात्र वर्षानुवर्षे उभे राहते, कारण ते आतून रिकामे असते. फायबरच्या कवचाची जाडी तीच ठेवून उंची दुप्पट केली, तर कवचाचे वजन चारपटच वाढते आणि ते आतील लोखंडी पाइपच्या सांगाड्यावर तोलले जाते. शिवाय त्याला चालायचे नसते.

वानर कोठे जिंकेल?

वानराचा विजय हवा असलेल्या ग्राहकांना आम्ही व्हेलोसिरॅप्टर हा लहान मांसाहारी डायनोसॉर सुचवतो. चित्रपटांनी त्याला माणसाएवढे केले असले, तरी खरा प्राणी १५ ते २० किलोंचा आणि पिसे असलेला होता. २००७ साली त्याच्या हाताच्या हाडावर पिसांच्या मुळांच्या खुणा आढळल्या. तो धोकादायक होता, यात शंका नाही. १९७१ साली मंगोलियाच्या गोबी वाळवंटात व्हेलोसिरॅप्टर आणि प्रोटोसेरॅटॉप्स हा चोचीचा शाकाहारी डायनोसॉर एकमेकांना भिडलेल्या अवस्थेतच अश्मीभूत झालेले मिळाले, ज्यात व्हेलोसिरॅप्टरचा हात प्रोटोसेरॅटॉप्सच्या चोचीत आणि त्याच्या पायाची नखी प्रोटोसेरॅटॉप्सच्या गळ्याशी आहे. तरीही अडीचशे किलोंच्या वानराने एकट्या व्हेलोसिरॅप्टरला पकडले, तर निकाल स्पष्ट आहे. हा संच आकाराने लहान असल्याने शाळांच्या आवारासाठी सोयीचा ठरतो.

भारतीय जोडी

भारतीय प्राणीच हवेत, अशी मागणी असल्यास राजासॉरस नर्मदेन्सिस हा मांसाहारी डायनोसॉर घ्यावा. गुजरातमधील बालासिनोरजवळच्या रैयोली परिसरात १९८० च्या दशकाच्या प्रारंभी मिळालेल्या अवशेषांवरून २००३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याची लांबी साडेसहा ते नऊ मीटर मानली जाते आणि कपाळावर एक बुटके शिंग होते. टिरॅनोसॉरसहून लहान असला, तरी वानराला त्याच्यासमोरही फारशी आशा नाही. वानरासाठी हिमाचल प्रदेशातील हरितल्यांगर परिसरात सापडलेला इंडोपिथेकस हा भारतीय नातेवाईक उपलब्ध आहे, मात्र त्याचे अवशेष जायगँटोपिथेकसहूनही तुटपुंजे आहेत.

विदर्भातील ग्राहक आपल्या मातीतील डायनोसॉर मागतात आणि ती मागणी आम्ही आनंदाने स्वीकारतो. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे मिळालेला, सुमारे १८ मीटर लांबीचा इसिसॉरस हा शाकाहारी प्राणी भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ओळखला जातो. याच जिल्ह्यातील पिजदुरा येथील अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण मिळाल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. इसिसॉरससमोर वानर उभे केले, तर झुंजीचे कारणच उरत नाही. दोघेही पाला खाणारे. हा संच आम्ही शेजारी शेजारी चरणाऱ्या प्राण्यांच्या स्वरूपात देतो.

मागणी नोंदवताना

शेवटच्या टिरॅनोसॉरसमध्ये आणि पहिल्या जायगँटोपिथेकसमध्ये सुमारे साडेसहा कोटी वर्षांचे अंतर आहे, त्यामुळे दोघांची भेट कधीच झाली नाही. हे वाक्य प्रत्येक संचाच्या फलकावर असते आणि ते काढून टाकण्याची विनंती आम्ही मान्य करीत नाही. खऱ्या प्रमाणातील संच हवा की समान उंचीचा मनोरंजनात्मक संच, हे ग्राहकांनी लेखी कळवावे. दुसऱ्या प्रकारात फलकावर 'वानर वाढीव आकारात' अशी नोंद असेल. खऱ्या प्रमाणातील टिरॅनोसॉरससाठी किमान ४५ फूट मोकळी लांबी लागते. शेपूट आणि डोके हवेत असल्याने सारा भार दोन पायांखालच्या पायाभरणीवर येतो, म्हणून काँक्रीटचा चौथरा आमच्या नकाशाप्रमाणेच भरावा. जबड्याची हालचाल हवी असल्यास मोटरसाठी वेगळी वीजजोडणी लागेल. शाडूचा लहान नमुना पाहून मान्यता दिल्यानंतरच साचा काढला जातो आणि साचा काढल्यावर प्राण्यांच्या ठेवणीत बदल करता येत नाही.