वजनाची औषधे : सिब्युट्रामिनवरची बंदी आणि त्यानंतर

मार्च २०२५ मध्ये टिरझेपाटाइड आणि जूनमध्ये वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही वजन कमी करणारी इंजेक्शने भारतात आली, तेव्हा डॉक्टरांकडे लिहून देण्याजोगे फारसे काही उरलेच नव्हते. ऑर्लिस्टॅट होते, पण तेलकट जुलाबांमुळे पुष्कळ जण ते मध्येच सोडतात. रिमोनाबँट नैराश्याच्या धोक्यामुळे २००९ मध्ये बंद झाले आणि फेब्रुवारी २०११ मध्ये सिब्युट्रामिनवर बंदी आली. खरा वाद झाला तो याच बंदीवर.

१९३०च्या दशकातले डायनायट्रोफेनॉल, नंतरची अँफेटामिने हा वजनाच्या औषधांचा जिवावर बेतलेला इतिहास जुनाच. सप्टेंबर १९९७ मध्ये हृदयाच्या झडपा बिघडवणारे फेनफ्लुरामिन अमेरिकेच्या बाजारातून गेले आणि नोव्हेंबरमध्ये सिब्युट्रामिनला तिथे मान्यता मिळाली. त्याने पोट लवकर भरल्यासारखे वाटे. पण नाडी आणि रक्तदाब वाढू शकतो, हे पहिल्यापासून ठाऊक होते. म्हणून युरोपीय नियामकांनी मोठी चाचणी मागितली. सुमारे ९,८०० रुग्णांना सरासरी ३.४ वर्षे पाहिले गेले. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा घटना औषध घेणाऱ्यांत ११.४ टक्के, तर औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत १० टक्के निघाल्या. मृत्यू मात्र वाढले नव्हते.

बंदीच्या विरोधकांचा मुद्दा असा, की हे रुग्ण ५५ वर्षांपुढचे आणि आधीच हृदयविकार किंवा मधुमेह असलेले होते. त्यांतल्या बहुतेकांना पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे हे औषध द्यायचेच नव्हते. मग धडधाकट तरुणाला ते का नाकारायचे? युक्तिवाद कागदावर बिनतोड आहे. पण आपल्याकडे चिठ्ठीशिवाय गोळ्या मिळतात आणि आपला रक्तदाब वाढलाय हे कितीतरी जणांना माहीतच नसते. इथे सूचनेच्या भरवशावर राहता आले नसते. बंदी योग्यच होती. नंतरही ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सुलांत लपवलेले सिब्युट्रामिन ठिकठिकाणी सापडत राहिले.

मधुमेहासाठी २०१७ मध्ये अमेरिकेत मान्य झालेले सेमाग्लुटाइड २०२१ मध्ये वाढीव मात्रेत वजनाचे औषध झाले. २०२३ मध्ये त्याच्या चाचणीचा निकाल लागला. तिथेही आधीच हृदयविकार असलेले, वजन जास्त असलेले, पण मधुमेह नसलेले १७,६०४ जण होते. दिखाऊ इंजेक्शन घेणाऱ्यांत झटका, पक्षाघात अशा घटना ८ टक्के, तर औषध घेणाऱ्यांत ६.५ टक्के झाल्या.

या औषधाच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ची. ते स्वस्त झाले, की चिठ्ठीशिवाय विक्रीचा २०११चाच प्रश्न औषधांच्या दुकानात पुन्हा उभा राहतो.